पंधरा टक्के

आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईला एवढा राग परवडत नाही असं माझा नवरा म्हणतो, पण त्याला म्हणायला काय जातंय? दिवसभर माझ्या त्या जिन्याखालच्या दुकानात लोक येतात आणि म्हणतात, "आम्ही काही केलं नाही हो, आपोआपच झालं." आपोआप काही होत नाही. बावीस वर्षं स्क्रू-ड्रायव्हर धरून मी एवढी एकच गोष्ट शिकले आहे, की कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. आणि टायपिंगमावशींच्या वेळी नेमकं तेच मी विसरले.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. दुकानाच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. सत्तरीला दोन कमी. अंगाने काडी, पण आवाज असा की खालच्या पोस्टमनने पायऱ्या चढायच्या आधी पत्र हातात काढून ठेवावं. आधी एका कचेरीत टायपिस्ट होत्या, निवृत्त झाल्यावर घरी बसून छापखान्याचं काम घ्यायला लागल्या. लेखकांची हाताने लिहिलेली पानं छापखान्याकडून यायची आणि मावशींकडून टाइप होऊन जायची. ज्या अक्षरापुढे छापखान्याचा मॅनेजर हात टेकायचा, ते अक्षर मावशी सरळ वाचायच्या. "डॉक्टरांचं वाचता येतं, मग कवींचं काय घेऊन बसलात?" असं म्हणायच्या.

त्यांची कामाची खोली मला पाठ आहे. खिडकीला लागून टेबल, डाव्या बाजूला पान टेकवायची लाकडी घोडी, खुर्चीवर विटलेली उशी, कोपऱ्यात कापड पांघरून बसलेला जुना टाइपरायटर. मॉनिटरच्या कपाळावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, आणि तिच्यावर कंप्युटरचा पासवर्ड उघडा लिहिलेला. टिकटिक. हे त्यांच्या लेकीचं लाडाचं नाव. लहानपणी ती टाइपरायटरच्या आवाजावरच झोपायची, बंद केलं की जागी व्हायची आणि तोंडाने टिकटिक करायची, म्हणून ते नाव. मी किती वेळा सांगितलं असेल, "मावशी, पासवर्ड असा चारचौघांत चिकटवायचा नसतो हो." त्या म्हणायच्या, "माझ्या घरात चोर कोण येणार आहे? तू आणि माझी लेक, दोघीच तर हात लावता."

मावशींचे दोन नियम. पहिला, टाइप करताना पडद्याकडे बघायचं नाही. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर. "पडद्याकडे बघतो तो टायपिस्ट नव्हे, प्रेक्षक," असं त्यांचं म्हणणं. पान संपलं की मगच मान वर करून एकदा वाचायचं. आणि दुसरा, प्रत्येक पान संपलं की त्याच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ टिपायची. कचेरीतल्या मोठ्या बाबूने लावलेली ही सवय. तो बाबू गेला, कचेरी गेली, सवय राहिली. कुणी बघत नव्हतं, तरी मावशी टिपायच्या.

आणि तिसरी एक गोष्ट होती, तिला नियम म्हणायचं की हट्ट ते तुम्ही ठरवा. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, छत्तीसची आहे, मोठ्या ऑफिसात कामाला. तिला वर्षभरापूर्वी मूल झालं. तेव्हापासून तिचा धोशा, "आई, हे घर भाड्याने दे आणि माझ्याकडे ये." मावशींनी जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "ज्या दिवशी माझी बोटं थकतील, त्या दिवशी मी आपण होऊन येईन. त्याच्या आधी हा विषय काढायचा नाही." लेक हसली होती. मीही खाली दुकानात हसले होते.

तर एका गुरुवारी मावशींचा फोन आला. "जरा वर येतेस का? मशीन बघायचं आहे. घाई नाही." मावशी आणि घाई नाही? माझ्या कपाळावर तेव्हाच आठी पडायला हवी होती.

वर गेले तर घरभर खोकी. भांडी कागदात गुंडाळलेली. भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून ठेवलेलं. मी म्हटलं, "हे काय मावशी? रंग काढताय?"

"रविवारी जाते आहे लेकीकडे," त्या म्हणाल्या. "कायमची. छापखान्यालाही पत्र लिहून ठेवलं आहे, उद्या-परवा देईन. हे मशीन लेक नातवंडाला ठेवणार म्हणते. फार हळू चालतंय, तेवढं बघून दे."

"आणि काम?"

मावशींनी दोन्ही हात पुढे केले, पालथे. "बोटं गेली गं माझी."

तीन महिन्यांपासून असं चाललं होतं म्हणे. पान संपवून मान वर करावी तर अक्षरं गळालेली, शब्द एकमेकांत घुसलेले. काही वेळा त्या टाइप करून थांबल्या तरी पडद्यावर अक्षरं येतच राहायची. त्यांना वाटलं, आपलं आपल्याला कळेनासं झालं. आपण कधी थांबलो तेही समजत नाही. मॅनेजरने चाळीस पानं लाल गोल करून परत पाठवली आणि फोनवर विचारलं, "मावशी, हल्ली दुसऱ्या कुणाकडून करून घेता का?" चाळीस वर्षांत मावशींना कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी रबरी चेंडू आणून सकाळ-संध्याकाळ दाबायला सुरुवात केली. गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या. शेवटी लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. तिथे त्यांना नाकावर बोट ठेवायला लावलं, सरळ रेषेत चालायला लावलं, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, सगळं. डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे.

"लेक सारखी बरोबर होती गं," मावशी म्हणाल्या. "त्या मशीनच्या खोलीबाहेर माझा हात धरून बसली होती. म्हणाली, आई, घाबरू नकोस, मी आहे ना."

मी कामाला लागले. मशीनचा डबा उघडला, आत वीतभर धूळ, पंख्याच्या पात्यांना लोकर आल्यासारखी. ब्लोअरने उडवली, ब्रश फिरवला. मशीन चालू करून बघितलं तर प्रोसेसर धापा टाकत होता. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, ज्येष्ठांच्या मशीनवर दुसरं काय असणार? इंटरनेटच्या पानावर नको असलेल्या तीन पट्ट्या, सुरू होतानाच स्वतःहून उठणारे अकरा प्रोग्रॅम, नातवंडाचे दोन हजार फोटो. सगळं साफ केलं. व्हायरस शोधला, निघाला नाही. डिस्क तपासली, ठणठणीत. दोन तास गेले. मशीन थोडं सुधारलं, पण थोडंच. अजून रखडत होतं. मला भूक लागलेली, दुकान उघडं टाकून आलेली, आणि माझं डोकं फिरायला एवढं पुरतं.

"मावशी," मी म्हटलं, "माझ्याकडून होतं तेवढं झालं. मशीन जुनं आहे. आणि खरं सांगू का, तुम्हीही आता जरा..."

वाक्य मी पुरं केलं नाही. पण त्यांनी ते पुरं ऐकलं. "हो गं," म्हणाल्या, "तेच म्हणते मी."

दुकानात येऊन मी जेवले. घास गोड लागला नाही, पण जेवले.

शुक्रवारी सकाळी लक्षात आलं की ब्लोअर वरच राहिला. आणायला गेले. मावशी छापखान्याची पानं परत करायला गठ्ठे बांधत होत्या. पानं पालथी घालून, कडा टेबलावर ठोकून सारख्या करत होत्या. मी ब्लोअरची वायर गुंडाळता गुंडाळता सहज बघत होते. प्रत्येक पानाच्या पाठीवर पेन्सिलीचे बारीक आकडे. अकरा मिनिटं. अकरा. बारा. अकरा. दहा, आणि त्या दहाखाली एक रेघ, म्हणजे त्या दिवशी मावशी स्वतःवर खूश होत्या. आणि मग चोवीस. सव्वीस. पंचवीस. अठ्ठावीस.

"थांबा थांबा," मी म्हटलं. "गठ्ठा बांधू नका."

मी पानं जमिनीवर मांडली. शनिवारी, नऊ तारखेला, सकाळी साडेदहाला संपलेलं पान अकरा मिनिटांचं. त्याच दिवशी दुपारी चारला सुरू केलेलं पान चोवीस मिनिटांचं. मध्ये काही नाही. तेरा नाही, पंधरा नाही, अठरा नाही. आणि पुढचे तीन महिने ते आकडे तिथेच, चोवीस ते अठ्ठावीस, ना खाली ना वर.

"मावशी, इकडे बघा. म्हातारपण असं येतं का? सकाळी साडेदहापर्यंत तरुण आणि दुपारी चारला म्हातारं? बोटं गेली असती तर हळूहळू गेली असती. ही बोटं नाहीत हो. हे मशीन आहे!"

मावशींनी चष्मा लावला, पानं उचलली, एकेक बघितली. स्वतःच लिहिलेले आकडे, पण ओळीने कधी वाचले नव्हते. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बघ की मग परत."

आता मला चेव चढला. कालच्या कचऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. जे एका दुपारी बदललं, ते कुणीतरी बदललं. म्हणजे कुठलीतरी सेटिंग. मी एकेक खोली उघडावी तशी सेटिंग उघडत गेले. विजेची सेटिंग म्हणून एक असते, तिच्या आत अजून एक पान, त्याच्या आत एक लांबलचक यादी. त्या यादीत अगदी खाली एक खाना आहे. प्रोसेसरने जास्तीत जास्त किती टक्के जोर लावायचा, ते तिथे लिहितात. कंपनीतून येताना तिथे शंभर असतं. जगात कुणी त्या खान्यात जात नाही. जायचं कारणच नाही.

तिथे पंधरा होतं.

तो आकडा मी ओळखला. कसा, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

त्या नऊ तारखेच्या महिनाभर आधी टिकटिक माझ्या दुकानात आली होती. कडेवर बाळ, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर ओकल्याचा डाग तसाच. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, एक गंमत विचारू? नवरा सुट्टीच्या दिवशी गेम खेळत बसतो. सांगून ऐकत नाही. मोडतोड न करता कंप्युटर हळू करता येतो का गं? पण त्याला कळायला नको."

मी तर उडालेच आनंदाने! नवऱ्याला धडा शिकवायचा आणि तोही माझ्या हुन्नराने? म्हटलं, ये, इकडे बस. माझ्याच मशीनवर तिला तो खाना दाखवला. तिने विचारलं, "किती टाकू?" आणि मी, शहाणी मी, हसत हसत तिला सांगितलं, "पंधरा टाक. पाच टाकलंस तर मशीन मेल्यासारखं होतं, लगेच संशय येतो. पन्नास टाकलंस तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पंधरावर कसं, माणूस आधी स्वतःलाच दोष देतो."

हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत. त्या दिवशी मी तिला चहा पण पाजला होता, आणि जाताना तिने मला "ताई, तू ग्रेट आहेस" म्हटलं, तर मी दिवसभर फुगून होते. मला वापरलं तिने. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून.

"काय गं, काय सापडलं?" मावशींनी विचारलं.

मी शंभर टाकलं, मशीन बंद करून चालू केलं. "एक पान मारून बघा."

मावशींनी घोडीवर पान लावलं, उशी सरळ केली, आणि सुरू झाल्या. मान खाली, डोळे कागदावर. आणि पडद्यावर अक्षरं त्यांच्या बोटांबरोबर पळायला लागली. पान संपलं. त्यांनी सवयीने मनगटावर बघितलं, पान पालथं घातलं, पेन्सिल घेतली आणि लिहिलं. बारा मिनिटं. तीन महिन्यांची सवय मोडलेली म्हणून एक मिनिट जास्त. मग मान वर करून वाचलं. एक चूक नव्हती.

मला वाटलं त्या रडतील. त्या हसल्या. मोठ्याने, तोंडावर हात न धरता हसल्या. "अगं, माझी बोटं!" म्हणाल्या आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचे हात परत मिळाल्यासारखे. मग एकदम विचारलं, "पण झालं काय होतं?"

मी खोटं बोलले. "होतं कधीकधी. अपडेट येतं, सेटिंग बदलतं. आपोआप."

मी म्हटलं, आपोआप! माझ्या तोंडून!

मावशींनी नऊ तारखेची ती दोन पानं पुन्हा हातात घेतली. सकाळचं आणि दुपारचं. शेजारी शेजारी धरली. "त्या शनिवारी अकराला टिकटिक आली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाली, आई, तू जरा पड, मी तुझं मशीन साफ करून देते. मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत पडले होते." मग माझ्याकडे बघितलं. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही, इतका साधा होता. "साफ करताना चुकून होतं का हे?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग सगळंच सांगितलं. स्टूल, गेम, नवरा, पंधरा, आणि मी हसत बोललेलं ते वाक्यसुद्धा. मला वाटलं निदान मला तरी शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या फक्त म्हणाल्या, "ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली होती गं. त्यांनी मला वार विचारला तेव्हा ती समोर बसली होती. मी घाबरून बुधवारचा गुरुवार सांगितला, तर तिने डोळे पुसले."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशींनी पानं गठ्ठ्यात ठेवली, दोरी बांधली, गाठ दोनदा मारली.

"ते पंधरा परत टाक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"परत टाक म्हणते ना. आणि रविवारी दहा वाजता वर ये. तुला पण यायला हवं."

रविवारी मी पावणेदहालाच गेले. टिकटिक दहाला आली, रिकामी खोकी आणि चिकटपट्टी घेऊन. बाळ घरी नवऱ्याकडे होतं. मला बघून ती जरा थबकली, मग म्हणाली, "अरे वा, ताईपण मदतीला!" चेहऱ्यावर काही नाही. मी मान हलवली. माझी जीभ मी दातांत धरून ठेवली होती, मला स्वतःचाच भरवसा नव्हता.

"बाळा," मावशी म्हणाल्या, "निघायच्या आधी एक काम कर. छापखान्याचं शेवटचं एक पान राहिलं आहे. माझ्याने होत नाही. तूच मारून दे."

"आई, आत्ता? सोड ना ते."

"एकच पान. तुला मीच शिकवलंय. कॉलेजात असताना माझ्यापेक्षा जोरात मारायचीस."

टिकटिक खुर्चीवर बसली. मावशींनी स्वतः घोडीवर पान लावून दिलं आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या. लेकीने सुरुवात केली. खरंच चांगला हात होता तिचा, आईचाच हात. दोन ओळी झाल्या. ती थांबली, पण पडद्यावर अक्षरं येत राहिली. एक शब्द अर्धाच उमटला. तिने खोडला, परत मारला, परत अर्धा. तिची मान मागून लाल होत गेली, कानापर्यंत.

मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझीही बोटं थकली का गं?"

टिकटिकने कीबोर्डवरून हात काढले.

"छत्तीसच ना तुझं वय? इतक्या लवकर? चल, डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर. हात धरून बसते बाहेर."

टिकटिकने वळून आधी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की हिला राग माझा आला आहे, मी फोडलं म्हणून. वा रे वा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याकडे काय बघतेस?" मी ओरडलेच. "नवरा गेम खेळतो ना तुझा? कुठे आहे तो नवरा?"

"तू गप्प बस," मावशी मला म्हणाल्या.

"आई, मी तुझ्याच..." टिकटिक बोलायला लागली आणि मध्येच थांबली. मग तिचा बांध फुटला. "मला नाही जमत आहे, आई. ऑफिस, बाळ, सगळं. बाळ सांभाळायला कुणी टिकत नाही. तू यायला तयार नव्हतीस. तूच म्हणाली होतीस ना, बोटं थकली की येईन."

"म्हणून तू ती थकवलीस."

"मला वाटलं, आठ-दहा दिवसांत कंटाळून सोडशील. तू डॉक्टरपर्यंत जाशील असं मला..."

"मग डॉक्टरांच्या दारात सांगायचं होतंस. फोटो काढायच्या आधी सांगायचं होतंस. मी त्या नळकांड्यात आडवी पडून रडत होते, मला माझी आई आठवत होती, तिला शेवटी आम्ही कुणी ओळखू येत नव्हतो. मला वाटलं, आपलंही तेच सुरू झालं. तू बाहेर बसून होतीस." मावशींचा आवाज चढला नव्हता. "तू थकलीस म्हणून एकदा रडली असतीस ना माझ्यापुढे, तर त्याच दिवशी आले असते. मला वेडी ठरवून न्यायची काय गरज होती?"

टिकटिक हुंदके देत रडत होती. मावशींनी तिला जवळ घेतलं नाही. मी वाट बघत होते, घेतील आता, आई आहे. नाही घेतलं.

"जिथे केलंस तिथे जा आणि नीट कर," त्या म्हणाल्या.

लेकीचा हात माऊसवर गेला. मला तो खाना सापडायला शुक्रवारी अर्धा तास लागला होता. ती चार क्लिकमध्ये तिथे पोचली. शंभर टाकलं, मशीन बंद करून चालू केलं आणि खुर्चीवरून उठली. मावशी बसल्या, तेच पान पहिल्यापासून मारलं, पाठीवर वेळ लिहिली. अकरा मिनिटं. छापखान्याला लिहिलेलं पत्र टेबलाच्या खणात होतं, ते काढून त्यांनी लेकीच्या हातात दिलं. "हे फाडून टाक जाताना. आणि ती खोकी घेऊन जा, मला लागणार नाहीत."

याला आता पाच महिने झाले. मावशींचं घड्याळ परत भिंतीवर आहे. छापखान्याचं काम जोरात आहे, मॅनेजरने त्या चाळीस पानांबद्दल माफी मागितली आणि मावशींनी ती घेतली. लेक रोज दुपारी दोनला बाळाला आणून सोडते, सहाला घेऊन जाते. हे मावशींनीच ठरवून दिलं, आठ दिवसांनी फोन करून. नातवंडाचे लाड बघावेत तर तिथेच. ते पोर आता टेबलाखाली बसून कीबोर्डच्या आवाजावर झोपतं. लेकीशीही मावशी बोलतात, खाल्लंस का विचारतात, छत्री विसरली की मागून हाक मारतात. फक्त टिकटिक म्हणत नाहीत. कागदोपत्री नाव आहे ना, त्या नावाने हाक मारतात. पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा लेक जिन्यात उभीच राहिली होती. मी खालून बघितलं.

माझा राग तिच्यावरचा गेला की नाही, ते मलाच कळत नाही. तिच्या डोळ्यांखालचं काळं अजून तसंच आहे. कधी दुकानासमोरून जाताना ती माझ्याकडे बघते, मी कामात असल्यासारखं करते.

गेल्या आठवड्यात मावशींच्या मशीनचा पंखा आवाज करायला लागला म्हणून वर गेले होते. धूळ काढली, डबा बंद केला, मशीन चालू केलं. पासवर्ड विचारणारा खाना आला. मी सवयीने मॉनिटरच्या कपाळाकडे बघितलं. चिठ्ठी नव्हती. तिथे फक्त डिंकाचा चौकोनी डाग राहिला होता.

"मावशी, पासवर्ड काय ठेवलात?" मी विचारलं.

त्या उठून आल्या, माझ्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी टाकते. तू जरा तिकडे बघ."

बावीस वर्षांत मी हे हजार लोकांना शिकवलं आहे, पासवर्ड टाकताना समोरच्याला तोंड फिरवायला सांगा म्हणून. मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे कीबोर्डचा आवाज झाला. लांबलचक होता.